दीडशेपैकी ब्याऐंशी

जयसिंग ओव्हाळने खोटं असं काही सांगितलं नव्हतं, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. दहावीला गणितात आपल्याला ब्याऐंशी मार्क होते असं तो म्हणाला, आणि ते होतेच. त्या काळी गणित दीडशे मार्कांचं असायचं, आणि हे ब्याऐंशी ऑक्टोबरच्या फेरीतले होते, कारण मार्चमध्ये एकेचाळीस मिळवून तो नापास झाला होता, एवढे दोन तपशील तेवढे त्याने सांगितले नाहीत. कुणी विचारलेही नाहीत. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत सुटायचं माणसाने ठरवलं तर पुनावळ्यापासून चाकणपर्यंत एकही संसार टिकायचा नाही.

हे घडलं पिंकीच्या शाळेत, पालकसभेत. पिंकी म्हणजे त्याची मुलगी, शाळेच्या कागदोपत्री यशोधरा, इयत्ता दहावी. पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात वीसपैकी सात पडले होते. जयसिंग चाकणच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर होता. मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणारी कंपनी. पहिली शिफ्ट संपवून तो तसाच युनिफॉर्मवर शाळेत पोचला होता. भोवती आयटीतले पालक मांडीवर लॅपटॉपच्या बॅगा घेऊन बसले होते. ते एकमेकांशी जे इंग्रजी बोलत होते ते जयसिंगला सगळं समजत होतं, फक्त त्यात मध्येच तोंड घालायला जागा सापडत नव्हती.

वर्गशिक्षिका बाई स्वभावाने चांगल्या होत्या. अडचण तीच झाली. त्यांनी पिंकीची उत्तरपत्रिका पुढे केली, जयसिंगच्या खिशावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "हरकत नाही. अशा घरांमधून मुलांना अभ्यासात मदत मिळत नाही, आम्ही समजू शकतो. आईवडिलांचंच तेवढं झालेलं नसतं."

बाई चिडून बोलल्या असत्या तर जयसिंगलाही चिडता आलं असतं. पण त्या समजून घेत होत्या. चारचौघांत असं समजून घेतलं गेलं की माणसाला कुठे बघावं ते कळत नाही. जयसिंगने आधी खिडकीकडे बघितलं, मग छताकडे, आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

"मला दहावीला गणितात ब्याऐंशी होते, मॅडम."

आवाज जरा मोठा लागला. पुढच्या दोन रांगा वळल्या.

"अरे वा," बाई म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला. रोज एक तास तुम्हीच घ्या तिचं गणित." आणि त्यांनी तसं डायरीत लिहून खाली जयसिंगची सही घेतली.

तरीही गोष्ट तिथेच मिटली असती. मिटली नाही ती पिंकीमुळे. ती शेजारीच बसली होती आणि बापाकडे बघत होती. पंधरा वर्षांत तिने त्याच्याकडे अशा नजरेने एकदाच बघितलं होतं, वॉशिंग मशीन त्याने लाथ घालून सुरू केलं होतं तेव्हा.

"पप्पा, तुम्ही कधी बोलला नाहीत," ती स्कूटरवर मागे बसताना म्हणाली.

"आपण होऊन काय सांगायचं," जयसिंग म्हणाला. हेही तसं खरंच होतं.

घरी ही बातमी पिंकीनेच सांगितली. जयसिंगची बायको रश्मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. रोज पन्नास दंडांना सुई टोचत असल्यामुळे माणूस कुठे आखडतो ते तिला लगेच कळतं. तिने नवऱ्याकडे नीट बघितलं. जयसिंगची आई सोजरबाई खाली बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली.

"ब्याऐंशी व्हय?" ती म्हणाली, आणि पुन्हा मेथीकडे वळली.

जयसिंग हात धुवायला निघून गेला. ओव्हाळांच्या हॉलमध्ये एका भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे आणि नेमकं त्यांच्याखाली पिंकीचं अभ्यासाचं टेबल आहे. त्या दिवसापासून हॉलमधून जाताना जयसिंग दुसऱ्या भिंतीच्या कडेकडेने जाऊ लागला. त्या बाजूला शू रॅक असल्यामुळे तो दोनदा अडखळला.

सोसायटीत बातमी नेण्याचं काम लिफ्टने केलं. पिंकीने ती तेजलला सांगितली. तेजल चौथ्या मजल्यावरच्या बन्सीकाकांची नात, पिंकीच्याच वर्गात. बन्सीकाका मूळचे चाकणजवळच्या गावचे. निम्मं आयुष्य शेतात गेलं, निम्मं एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, आणि आता रिटायर झाल्यावर उरलेलं ते लोकांना सल्ले देण्यात घालवत होते. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते नातीला आणि तिच्या गणिताच्या पुस्तकाला घेऊन दारात उभे राहिले.

"ओव्हाळ साहेब, हिला बी पडलेत सहा," ते म्हणाले. "क्लासवाला म्हणतो समजत न्हाई, घरचे म्हणत्यात ध्यान न्हाई. म्या म्हनलं, खालीच ब्याऐंशीवाला मानूस हाय आन आपन गावभर कशाला फिरतोय?"

"काका, माझं सगळं मराठीतून झालंय. यांचं सेमी इंग्लिश आहे."

"आकडं तर त्येच असत्याल की."

बन्सीकाकांनी लगेच टेबलाची दिशाही बदलून दिली, कारण पूर्वेकडे तोंड केल्याशिवाय गणित डोक्यात उतरत नाही असा त्यांचा अनुभव होता. तो त्यांना कुठे आला हे त्यांनी सांगितलं नाही. पूर्वेला बाथरूमचं दार होतं. मुली बाथरूमच्या दाराकडे तोंड करून बसल्या आणि पिंकीने पुस्तक उघडून म्हटलं, "पप्पा, क्वाड्रॅटिक इक्वेशन."

जयसिंगने पानाकडे बघितलं. क्वाड्रॅटिक इक्वेशन म्हणजे आपलं जुनं वर्गसमीकरण, ही ओळख पटायलाच त्याला पाच मिनिटं लागली. पटल्यावर आनंद झाला नाही. एखाद्या लग्नात जुना सावकार भेटावा तसं झालं.

"आज आधी पाढे बघू," तो म्हणाला. "पाया पक्का पाहिजे."

दहावीच्या दोन मुलींनी संध्याकाळभर सतराचा पाढा म्हटला. बन्सीकाका जाताना म्हणाले, "मास्तर जुन्या वळनाचा हाय. चांगलं हाय."

पण पाढे तीसच्या पुढे किती दिवस नेणार? जयसिंगला गुरू शोधणं भाग पडलं, आणि तो कंपनीच्या बसमध्ये सापडला. मिनल नावाची बावीस वर्षांची ट्रेनी इंजिनिअर ताथवड्याच्या स्टॉपवर चढायची. लाइनवर ती जयसिंगला सर म्हणायची. बसमध्ये तिच्या शेजारी बसून त्याने हळूच पुस्तक काढलं आणि म्हणाला, "मुलीला शिकवायचंय. तुमची हल्लीची पद्धत जरा बघून घेतो."

पद्धत बघता बघता मिनलला दुसऱ्याच दिवशी कळलं की सरांचा प्रश्न पद्धतीचा नाही. ती मुलगी चांगली होती, कुणाला बोलली नाही, पण शिकवायला बसली की दयामाया ठेवायची नाही. "सर, ही स्टेप कशी आली? नाही, पुस्तकात बघून नका सांगू." तळेगाव-चाकण रस्त्याच्या ट्रॅफिकला लोक शिव्या घालतात. त्यांनी घालाव्यात. पण बस त्या रस्त्यावर रोज तासभर जागची हलली नसती तर जयसिंगचं अवयव पाडणं कधीच पुरं झालं नसतं. ज्या दिवशी रस्ता मोकळा मिळायचा त्या दिवशी त्याची पंचाईत व्हायची. संध्याकाळी मुलींना पुन्हा पाढे म्हणावे लागायचे.

मिनल गृहपाठही द्यायची. तो घरी करणं शक्य नव्हतं, म्हणून जयसिंग लाइनवरच करायचा, हाताला येईल त्या कागदावर. एकदा हाताला आला तो लाल टॅग. माल सदोष निघाला की पेटीवर हा टॅग लावतात आणि त्यावर दोष लिहितात. जयसिंगने त्यावर सुबक अक्षरात गणित सोडवलं आणि खाली उत्तर लिहिलं, "x = −2 किंवा −3". मग जेवणाची घंटा झाली. तो परत येईपर्यंत कुणीतरी तो टॅग उचलून बिजागऱ्यांच्या पेटीवर लावून टाकला होता.

क्वालिटीवाल्यांनी ती पेटी थांबवली. आत काय दोष आहे ते कळेना, पण उणे दोन किंवा उणे तीन म्हणजे भोक सरकलंय, मिलिमीटरमध्ये, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चारशे बिजागऱ्या एकेक करून मोजल्या. एकही सरकलेली निघाली नाही. तेव्हा मोजायचं यंत्रच बिघडलं असावं अशी शंका आली आणि यंत्रवाल्याला फोन गेला. लाइन पाऊण तास बंद. चौकशी करून अहवाल द्या असं वरून फर्मान आलं, आणि लाइन सुपरवायझर या नात्याने ती चौकशी जयसिंगकडेच आली. त्याने ती संपूर्ण गांभीर्याने केली. सहा जणांचे जबाब घेतले. अहवालात लिहिलं की सदर मजकूर कोणाच्या अक्षरातला आहे याचा बोध होत नाही. मिनलने तो वाचून त्याला बसमध्ये सांगितलं, "सर, अहवाल ठीक आहे. गणितही बरोबर आहे."

त्या एका वाक्याने जयसिंगला जे वाटलं ते बढतीच्या वेळीही वाटलं नव्हतं. पोरींना आता तो खरोखरच वर्गसमीकरणं समजावू लागला. तेजलला पुढच्या चाचणीत अकरा पडले. पिंकीला नऊ. आपली खोटी वीट आता खऱ्या भिंतीत बसून गेली असं त्याला वाटू लागलं होतं, तेवढ्यात धम्मपाल साहेबांचा फोन आला.

धम्मपाल साहेब महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले आणि रावेतच्या विहाराचे सचिव. ऑगस्टमध्ये विहारात विद्यार्थ्यांचा गुणगौरव असतो. दहावी-बारावीला चांगले मार्क मिळालेल्या मुलांना मोठ्या माणसांच्या हस्ते पुस्तकं देतात आणि एक जण मार्गदर्शन करतो.

"जयभीम, ओव्हाळ साहेब. यंदा मार्गदर्शन तुमचं."

"जयभीम. साहेब, अहो मी काय मार्गदर्शन करणार?"

"कामगाराचा मुलगा आणि गणितात ब्याऐंशी. आम्हाला बन्सीरावांनी सगळं सांगितलंय. इतकी वर्षं समाजात राहून तुम्ही हे लपवून ठेवलंत, हेच चुकलं तुमचं."

चूक तर झालीच होती, फक्त साहेब म्हणत होते ती नाही. जयसिंग हो-नाही म्हणेपर्यंत फ्लेक्स लागलासुद्धा. पुनावळ्याच्या चौकात, भाजीवाल्याच्या डोक्यावर. फोटो कुठल्याशा लग्नातला होता, त्यात जयसिंगच्या खांद्यावर ठेवलेला कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. खाली लिहिलं होतं, "गणितात ८२ टक्के मिळवणारे, युवकांचे प्रेरणास्थान". जयसिंगचं वय पंचेचाळीस होतं, पण त्याला युवकांपेक्षा ते टक्क्याचं चिन्ह जास्त टोचलं. त्याने फोन केला.

"साहेब, ते टक्के नव्हेत."

"मग?"

"मार्क. ब्याऐंशी मार्क."

"तेच ते," धम्मपाल साहेब म्हणाले. "नम्रता असावी माणसाला, पण एवढी नको."

आता पिंकीने काय केलं ते सांगायला पाहिजे. फ्लेक्स बघून तिला वाटलं, पप्पांची मार्कशीट घरात असायला हवी होती. ती जुन्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा गेली, असं जयसिंगने तिला मागेच सांगितलं होतं. मग तिने मनाशी ठरवलं की त्यांच्या जुन्या शाळेतून निकालाची नक्कल काढायची, फ्रेम करायची आणि रविवारी विहारात सगळ्यांसमोर त्यांना द्यायची. फक्त त्यासाठी अर्जदार स्वतः हजर लागतो, हे तिला शाळेला फोन केल्यावर कळलं. म्हणून गुरुवारी, जयसिंगच्या सुट्टीच्या दिवशी, ती म्हणाली, "पप्पा, चला, पिंपरीला जायचंय. काय ते विचारू नका."

शाळेच्या फाटकाशी स्कूटर थांबेपर्यंत त्याने विचारलं नाही. तिथे विचारायची गरज उरली नाही.

सरकारी कचेरीवर जयसिंगचा विश्वास होता. पिंकीचं जातीचं प्रमाणपत्र काढायला त्याने नऊ खेपा घातल्या होत्या. वडिलांचा दाखला नेला तर आजोबांचा आणा, आजोबांचा नेला तर त्यावरच्या नावात एक वेलांटी जास्त. एवढ्या अनुभवानंतर एकोणतीस वर्षांपूर्वीचा निकाल आपल्याला आज मिळणार नाही याबद्दल तो निश्चिंत होता. पण ऑफिसात ज्योतीराम नावाचा कारकून बसला होता. त्याला नोकरीत चार महिने राहिले होते आणि शाळेची सगळी जुनी रजिस्टरं त्याने, कुणी सांगितलेलं नसताना, वर्षावार लावून ठेवली होती.

"आधार कार्ड आणायचं राहिलं," जयसिंग म्हणाला.

"चालतंय. चेहरा आहे ना."

"तुमची जेवायची वेळ झाली असेल. आम्ही पुन्हा येतो."

"डबा कुठे पळतोय," ज्योतीराम म्हणाला. "लेकरू एवढ्या लांबून आलंय."

जन्मभर ज्या खिडक्यांनी जयसिंगला परत पाठवलं त्या सगळ्यांची भरपाई त्या माणसाने अकरा मिनिटांत केली. रजिस्टर काढलं, धूळ झटकली, बोट फिरवत खाली आला. आणि त्याला मोठ्याने वाचायची सवय होती.

"ओव्हाळ जयसिंग. मार्च शहाण्णव. अनुत्तीर्ण. गणित एकेचाळीस." त्याने पान उलटलं. "हां, इथे आहे. ऑक्टोबर शहाण्णव. उत्तीर्ण. गणित ब्याऐंशी. दीडशेपैकी बरं का बाळ, तेव्हा दीडशेचं असायचं. दोन्हींची नक्कल देऊ का एकाच?"

पिंकीने दोन्ही नोंदी स्वतः वाचून बघितल्या. मग म्हणाली, "दोन्हींची."

परतीच्या वाटेवर डांगे चौकाच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मागून आवाज आला.

"चोपन्न पॉइंट सहासष्ट टक्के."

"सदुसष्ट," जयसिंगच्या तोंडून निघून गेलं. "पुढचा आकडा सहा आहे. राउंड करताना वर घ्यायचा."

सिग्नल सुटला.

घरात आल्यावर पिंकी बोलली. दोन्ही कागद तिने टेबलावर ठेवले आणि रश्मीला वाचायला लावले. "मला सात पडले तेव्हा तुम्ही मॅडमना ब्याऐंशी सांगितलंत," ती बापाला म्हणाली. "मी महिनाभर विचार करत होते की पप्पांचं डोकं माझ्यात कसं नाही आलं. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. सात म्हणजे पस्तीस टक्के. तुमचे एकेचाळीस म्हणजे सत्तावीस. एवढंच सांगितलं असतंत तर मला बरं वाटलं असतं."

बाईंनी समजून घेतलं तेव्हा जयसिंगला जेवढं लागलं होतं, त्याच्या किती पट हे लागलं, ते काढायला बीजगणित पुरलं नसतं.

"त्ये एकेचाळीस तर मला पाठ हायेत," सोजरबाई पलंगावरून म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "दोन दिस जेवला न्हाई ह्यो. कंपनीत हेल्पर म्हनून लागतो म्हनला. म्या म्हनलं, लाग, पर आदी त्ये एकेचाळीस फेडून ये."

"मग कोणी शिकवलं यांना, आजी?" पिंकीने विचारलं.

"कोन शिकवनार? म्या दिसभर फौंड्रीत रेती चाळायची. सांजच्याला आलं की ह्येला फुड्यात बसवायचं आन म्हनायचं, मोठ्यानं गनित वाच. मला काय कळतंय त्यातलं? पर जितं चुकायचा तितं ह्येचा आवाज बारीक व्हायचा. बारीक झाला की म्या म्हनायचं, फिरून वाच. चार महिनं तेच."

जयसिंगला हे माहीत नव्हतं. आईला गणित कळतं असंच तो तेव्हा समजत होता. नंतर ती अंगठा उठवते हे रोज बघूनही, गणितापुरतं तिला कळत असावं असं त्याने कुठेतरी धरून ठेवलं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला कळलं की आपल्याला फक्त आवाजावरून पास केलं गेलं.

"आन तू," सोजरबाई लेकाला म्हणाली, "लाज एकेचाळिसाची वाटून घेतो. खोटं बोलल्याची वाटून घ्यायची ती न्हाई घेतली."

रविवारी विहार भरलं होतं. पुढच्या रांगेत नव्वद-पंच्याण्णव टक्केवाली मुलं इस्त्रीच्या कपड्यांत बसली होती. मागे त्यांचे आईबाप, आणि त्यांच्याही मागे, नातीला घेऊन, बन्सीकाका. रश्मी, पिंकी आणि सोजरबाई खिडकीशी होत्या. पिंकी गुरुवारपासून बापाशी कामापुरतंच बोलत होती. वंदना झाली, धम्मपाल साहेबांनी ओळख करून देताना ब्याऐंशीचे पंच्याऐंशी केले, आणि जयसिंग उभा राहिला. भाषण त्याने लिहून आणलं होतं. ते खिशातच राहिलं.

"मी दहावीला गणितात नापास झालो होतो," तो म्हणाला. "एकेचाळीस. दीडशेपैकी. नंतर ऑक्टोबरला ब्याऐंशी, तेही दीडशेपैकीच. बाहेरचा फ्लेक्स चुकीचा आहे आणि तो माझ्यामुळे चुकलाय. मुलीच्या शाळेत मला कमीपणा वाटला म्हणून मी अर्धं सांगितलं. तिला त्याचा त्रास झाला. एवढंच."

धम्मपाल साहेब माइककडे बघत राहिले. पाणीपुरवठ्यात असताना त्यांनी फुटलेल्या लाइनी बऱ्याच पाहिल्या होत्या, पण ही कुठून बंद करायची ते त्यांना दिसेना. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. मुलगा डॉक्टरकीला, मुलगी वकिलीला, समाजात मान असलेले.

"मी इंग्रजीत दोनदा," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्यांची मुलगी शेजारीच होती. "बाबा?" ती म्हणाली.

मग कुणीतरी भूगोल सांगितला. कुणी विज्ञान. एका बाईंनी नववीची तीन वर्षं सांगितली. धम्मपाल साहेब घसा खाकरून, अध्यक्षीय समारोप म्हणून, अकरावी कॉमर्सबद्दल दोन शब्द बोलले. माइक हातोहात फिरू लागला. पुढच्या रांगेतली पंच्याण्णव टक्केवाली मुलं मागे वळून आपापल्या आईबापांकडे बघत होती, जसं काही कुणी त्यांच्या घरात न दाखवलेली एक खोली उघडली होती. बन्सीकाकांनी माइक मागून घेतला.

"आमी सातवीत शाळा सोडली," ते म्हणाले. "तेजलला अकरावी सांगितलं व्हतं. पूर्वेकडं तोंड करून बसायचं त्ये बी म्याच काढलं."

तेजलने डोळे मिटून घेतले. जयसिंगला हायसं वाटत होतं, ते रश्मी उठेपर्यंत टिकलं.

"बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझे दोन विषय राहिले होते," रश्मी म्हणाली. "लग्नाच्या वेळी बायोडेटात घातलं नाही."

अठरा वर्षांच्या संसारात हे जयसिंगला पहिल्यांदा कळत होतं. आपलं प्रकरण तिला कसं पहिल्याच दिवशी कळलं असेल त्याचाही उलगडा त्याला तेव्हाच झाला. त्याने तिच्याकडे जखमी नजरेने बघितलं. तिने खांदे उडवले. "तुम्ही विचारलं कुठे?" ती म्हणाली.

कार्यक्रम दीड तास लांबला. पुस्तकं वाटायचं सगळ्यांच्या शेवटी लक्षात आलं. मसालेभात गार झाला आणि तो नापास-पास सगळ्यांनी सारखाच खाल्ला.

संध्याकाळी घरी पिंकीने पुस्तक उघडलं. टेबल अजून बाथरूमकडे तोंड करूनच होतं, ते तिने आधी सरळ केलं. दोन नळांनी मिळून दोन तासांत टाकी भरायची असं गणित होतं. एक नळ दुसऱ्यापेक्षा तीन तास उशीर लावतो, तर प्रत्येकाला किती वेळ लागेल? एक दिवसाआड पाणी येणाऱ्या भागात असली गणितं का छापतात ते जयसिंगला कळलं नाही. पिंकीने पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. परीक्षा बघायची होती की समेट करायचा होता, ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखू येईना. जयसिंगने गणित वाचलं. पुन्हा वाचलं. मिनलला फोन करावा असं मनात आलं.

"मला येत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य त्या घरात त्याने कधी उच्चारलं नव्हतं. पिंकीने मान वर केली, बापाकडे बघितलं आणि पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली.

"मलापण नाही येत," ती म्हणाली. "बसा."

दोघं बसले. लहान नळाला x धरायचं की मोठ्याला, यावरून वाद झाला. दोन पानं खोडून झाली. रश्मीने दोनदा जेवायला हाक मारली. सोजरबाई पलंगावर पडल्या पडल्या नुसती ऐकत होती. शेवटी उत्तर आलं आणि पिंकीने पुस्तकाच्या मागचं पान काढून ताडून बघितलं. तंतोतंत जुळलं. जयसिंगने हात पुढे केला, तिने त्यावर टाळी दिली, आणि तेव्हा तिचं लक्ष गेलं की जुळलं ते पुढच्या गणिताचं उत्तर होतं.